डनिंग यांची चौकट: सगळ्यालाच लागू पडते, हीच अडचण

कंपन्या परदेशात का जातात, यावर प्रबंध लिहायचा म्हटलं की पहिल्या प्रकरणात जॉन डनिंग येतातच. १९७७च्या त्यांच्या मांडणीत तीन अटी आहेत: कंपनीकडे स्वतःचं काही खास हवं (ब्रँड, तंत्रज्ञान), त्या देशात काम करण्यात फायदा हवा, आणि ते खास दुसऱ्याला परवान्यावर देण्यापेक्षा स्वतः वापरणं परवडायला हवं.

शिकवायला उत्तम. पण २००८ घ्या. टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर २३० कोटी डॉलरला घेतली. आलिशान गाड्यांचा ब्रँड टाटांकडे नव्हता, तो मिळवायलाच ते गेले. मग पहिल्या अटीचं काय? त्यावर ठरलेलं उत्तर येतं: भांडवल उभं करायची ताकद, हेच टाटांचं 'खास'. चौकट वाचली खरी; पण व्यवहार झाल्यावर शोधलेलं कारण ही नुसती नोंद असते, स्पष्टीकरण नव्हे.

स्टीफन हायमर यांनी १९६०च्या एमआयटीतल्या प्रबंधात नेमका प्रश्न विचारला होता. स्थानिक कंपनीला कायदा, भाषा, गिऱ्हाईक सगळं ठाऊक असतं, तरी बाहेरची टिकते कशी? त्यांचं उत्तर मोजक्या कंपन्यांच्या बाजारावरच्या पकडीकडे बोट दाखवतं. ते तपासता येतं, चूकही ठरू शकतं.

तुमच्या प्रस्तावात डनिंग यांचे तीन रकाने जरूर भरा. फक्त आधी एक ओळ लिहा: काय सापडलं तर माझं म्हणणं खोटं ठरेल? ती ओळ सुचली नाही, तर प्रश्न अजून तयार नाही.