अंतर्लापिकेचा पेच

संस्कृत कूटप्रश्नांत अंतर्लापिका नावाचा एक प्रकार आहे. तिचे उत्तर प्रश्नाच्या अक्षरांतच असते. ते बाहेरून आणावे लागले, तर ती बहिर्लापिका. अनेकांच्या कानांवरून गेलेली एक अंतर्लापिका विचारते : कोणत्या बलवंतास थंडी बाधत नाही? ऐकणारा भीम-हनुमानांकडे धाव घेतो. अधिक विद्वान असेल, तर योगसाधनेत शिरतो. वस्तुतः 'कं' हे प्रश्नार्थक सर्वनाम पुढील 'बलवंत' शब्दास जोडले की 'कंबलवंत' होतो. ज्याच्यापाशी कांबळे आहे, त्यास थंडी कशाची?

बेळगावकडील आमच्या शाळेत नववीच्या वर्गास, हा प्रश्न आहे एवढेच सांगून, आम्ही ते चरण म्हणून दाखविले. हुशार मुलांनी भीम सांगितला, एकाने तर हिमालय! मागच्या बाकावरील धनगराचा मुलगा मात्र चटकन म्हणाला, "सर, कंबळी घेतलेला." घोंगडीस त्याच्या घरी कानडी 'कंबळी' हाच शब्द.

अशा वेळी अतिविद्वत्तेवर प्रवचन झोडण्याचा मोह होतो. (आम्हीही विद्यार्थिदशेत 'अग्नी' असे उत्तर दिले होते.) परंतु त्या मुलाने कोडे सोडविले असे आम्हांस म्हणवत नाही. त्याच्या कानी गाठ पडलीच नव्हती, मग ती सुटणार कोठून? भीमापर्यंत जाऊन जो ओशाळून परततो, त्यालाच या कोड्याची खरी गोडी कळते. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने प्रहेलिका रसाच्या आड येते म्हणून तिला अलंकारांत स्थान नाकारले; दंडीने गोष्ठीतील विनोदासाठी तिचा उपयोग मानला. आमचा कौल दंडीकडे आहे. मात्र सर्व सामग्री ऐकणाऱ्यापुढे उघडी ठेवणाऱ्या कोड्यापुरताच. माहिती दडवून वर हसणारे कोडे ही निव्वळ लबाडी होय.

छापील सुभाषितसंग्रह या प्रकारावर नकळत अन्याय करतात. 'कं' सुटा छापला, तर वाचक एकाच वाटेस लागतो. जोडून छापला, तर उत्तरच हाती येते. जुन्या पोथ्यांत शब्द तोडून लिहिण्याची चाल सहसा नव्हती, तेथे दोन्ही वाटा मोकळ्या राहत. मुद्रणाने वाचन सोपे केले, पण अंतर्लापिकेला पुन्हा कानाच्याच आश्रयास जावे लागले.

तास संपल्यावर तो मुलगा आमच्यामागून आला. "सर," त्याने विचारले, "पण यात प्रश्न कुठे होता?" आम्ही 'कं' तोडून पुन्हा म्हणून दाखविले. क्षणभर थांबून तो हसला आणि म्हणाला, "मग भीमही बरोबरच की!"