न उतरलेला शालू

व्हायोला ही मुलगी सिझारिओ नावाचा मुलगा होऊन ओर्सिनोच्या पदरी राहते आणि त्याच्या वतीने ऑलिव्हियाकडे मागणी घेऊन जाते. ऑलिव्हिया प्रेमात पडते ती या निरोप्याच्याच. शेक्सपिअरचे ‘ट्वेल्फ्थ नाइट’ १६०१ च्या सुमारास लिहिले गेले, तेव्हा इंग्लंडच्या रंगभूमीवर स्त्रिया नव्हत्या आणि दोन्ही नायिका मुलगेच रंगवत. मुलगा मुलगी झालेला, ती मुलगी पुन्हा मुलगा झालेली, आणि त्या मुलग्यावर भाळलेली स्त्री हाही मुलगाच! शेक्सपिअरने कंपनीच्या या अडचणीलाच नाटकाचा विषय करून टाकले. मराठी संगीत नाटकापुढेही १८८० पासून पुढची पन्नासेक वर्षे हीच अडचण होती, पण आपल्या नामवंत सुखात्मिकांनी तिचा असा उपयोग केला नाही. वेषांतरे त्यांत भरपूर आहेत, पण माणूस बदलतो तो आश्रम, श्रीमंती किंवा कुळ. स्त्री-पुरुष ही रेघ संहितेत सहसा ओलांडली जात नाही, कारण ती पडदा वर जाण्याआधीच ओलांडलेली असे आणि त्याची आठवण नाटकाने करून देऊ नये असा अलिखित करार होता. प्रेमाचे कोणते प्रकार मराठी सुखात्मिकेत आले आणि कोणते दाराबाहेर राहिले, हे बरेचसे या करारानेच ठरवले.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’चे पहिले अंक १८८२ साली पुण्यात झाले. त्यात अर्जुन यती होतो. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे, कृष्णाला अर्जुनाला. म्हणून कृष्णाच्या युक्तीने बलरामच या यतीला भक्तिभावाने घरी ठेवून घेतो आणि बहिणीला त्याच्या सेवेला लावतो. विरक्ताच्या वेषात प्रियकर अंतःपुरात शिरतो, इतकी ही सोय आहे. भगव्या कपड्यांमुळे अर्जुनाचे मन तसूभरही बदलत नाही. सिझारिओ झालेली व्हायोला मात्र स्वतःच्या प्रेमाविषयी स्त्री म्हणून जे बोलू शकली नसती ते पुरुषाच्या कपड्यांत बोलून जाते. ‘सौभद्रा’तले खरे चतुर प्रेम शोधायचे तर ते कृष्ण-रुक्मिणीच्या रुसव्यात आहे. मुरलेल्या संसाराची ती थट्टा, माझ्या मते, अर्जुन-सुभद्रेच्या विरहापेक्षा अधिक जिवंत आहे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ (१९११) एक पाऊल पुढे जाते, कारण तिथे वेष नायिका बदलते. श्रीमंताची लेक भामिनी गरीब धैर्यधराला तुच्छतेने नाकारते आणि मग वनमाला नावाची साधी मुलगी होऊन त्याच्या छावणीत वावरते. धैर्यधर भामिनीचा तिरस्कार करतो आणि वनमालेवर जीव टाकतो. दोघी एकच आहेत हे कळल्यावर त्याने नेमके कुणावर प्रेम केले होते, हा प्रश्न संहितेत दबा धरून बसलेला आहे. खाडिलकर त्याला फार वेळ देत नाहीत. मान-अपमानाचा हिशेब पुरा झाला की लग्न ठरते. ओर्सिनो मात्र शेवटपर्यंत व्हायोलाला सिझारिओच म्हणत राहतो आणि ती बायकी कपड्यांत परतलेली आपल्याला दिसतच नाही. हा फरक प्रतिभेच्या उंचीचा म्हणून सोडून देता येत नाही. भामिनीला गरीब होता येते, पण पुरुष होता येत नाही, कारण भामिनी बालगंधर्व हे स्त्रीपार्टी नट करत होते. वनमालेच्या साध्या लुगड्यातही प्रेक्षकाला हवे असलेले रूप शाबूत राहते. धोतर-अंगरख्यात ते मोडले असते. लोकमान्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या स्वराज्य फंडासाठी १९२१ साली झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. अशा रात्री नायिकेला मिशा लावण्याची हिंमत कोणत्या नाटककाराने केली असती?

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. स्त्रीपार्टी नट हा निव्वळ संकेत होता. प्रेक्षकाला सुभद्रा दिसे, भाऊराव कोल्हटकर दिसत नसत. तेव्हा नसलेल्या गोष्टीवर अर्थाचे इमले कशाला चढवायचे? पण पुरावा उलट सांगतो. हँडबिलावर नटाचे नाव ठळक छापले जाई आणि लोक त्या नावावर तिकीट काढत. घरंदाज बायका बालगंधर्वांची साडी नेसण्याची ढब आणि त्यांचे दागिने उचलत, ते हा पुरुष आहे हे पक्के ठाऊक असताना. संकेत अदृश्य असता तर कौतुक कशाचे झाले असते? पुरुषाने आदर्श कुलस्त्री घडवून दाखवावी आणि पाहणाऱ्याने दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धराव्यात, यातच ती मोहिनी होती. तमाशातला नाच्या पोऱ्या ही दुहेरी जाणीव उघड खेळवत असे. संगीत नाटकाला तमाशापासून फटकून राहून घरंदाज कुटुंबे थिएटरात आणायची होती, म्हणून त्याने तीच जाणीव शालूखाली ठेवली.

या मर्यादेतही एक नाटक फार लांब जाते. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’ मुळात मोलिएरच्या १६६० च्या प्रहसनावरचे, तेही आर्थर मर्फीच्या १७६१ च्या इंग्रजी रूपांतराच्या वाटेने आलेले. देवलांनी ते आधी ‘फाल्गुनराव’ म्हणून गद्यात लिहिले आणि १९१६ मध्ये संगीत केले. एक तसबीर हातोहात फिरते आणि फाल्गुनराव-कृत्तिका एकमेकांवर डोळ्यांत तेल घालून पहारा करू लागतात. हे वेडे जोडपे मराठी रंगभूमीवरचे सर्वांत आसक्त जोडपे आहे, हे कबूल करायला हवे. उदासीन नवरा बायकोच्या हातातल्या तसबिरीकडे ढुंकूनही पाहत नाही. पण देवलांची खरी करामत रेवतीत आहे. मोलिएरची सेली चांगल्या घरातली मुलगी. बाप दुसऱ्या स्थळाचा आग्रह धरतो, एवढीच तिची अडचण. देवलांनी नायिका नायकिणीच्या घरातून उचलली. त्याबरोबर संशयाची जातच बदलली. कृत्तिकेवरचा आळ खोटा ठरला की पुसला जातो. रेवतीवर मात्र तो जन्मापासून आहे, पुरावा लागतच नाही. अश्विनशेठसारखा भला प्रियकरही तिच्याविषयी चटकन वाईट कल्पना करतो. त्याला तसे करणे सोपे का जाते, हे देवल एका शब्दाने न सांगता दाखवतात. इथे वेषांतर नाहीच. ओळख आहे ती इतरांनी अंगावर चढवलेली, आणि नायिकेला ती उतरवता येत नाही. मूळ फ्रेंच नाटकात एवढा खोल अर्थ नाही, असे मला वाटते.

१९३० नंतर मंचावर स्त्रिया येऊ लागल्या आणि करार मोडला. मग शालूतल्या पुरुषाचे काय झाले? आचार्य अत्र्यांनी ब्रँडन थॉमसच्या १८९२ च्या ‘चार्लीज आंट’वरून ‘मोरूची मावशी’ लिहिली. आधी बापूराव माने आणि पुढे विजय चव्हाण यांनी ती गाजवली. अवघ्या पिढीभरापूर्वी ज्या नेसण्याची बायका नक्कल करत, तेच आता हशाचे कारण झाले. प्रहसनात एवढे काय शोधायचे, असे कुणी म्हणेल. पण हशा कुठे पिकतो ते पाहावे: म्हातारे मावशीच्या मागे लागतात तेव्हा. पुरुषाने पुरुषावर भाळण्याची शक्यता प्रथमच मराठी सुखात्मिकेत मोकळेपणाने उभी राहते, आणि उभी राहताक्षणी हास्यास्पद ठरवली जाते. ऑलिव्हियाचे सिझारिओवरचे प्रेम हास्यास्पद असूनही खरे आहे; मावशीच्या प्रियकरांना हा सन्मान नाही.

पुढे सुखात्मिकेने ही वाट सोडलीच. पु. ल. देशपांड्यांची ‘ती फुलराणी’ (१९७५) शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून आली. नवी भाषा अंगावर चढवल्यावर आता मी कुठे जायचे, हे विचारणारी मंजुळा ओळखीचा प्रश्न भामिनीपेक्षा कितीतरी धीटपणे मांडते, पण तोही वर्गाचाच प्रश्न आहे. स्त्रीने स्त्रीवर प्रेम करणे मध्यवर्ती झाले ते विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये, आणि ते शोकनाट्य आहे, सुमित्रा त्यात जगत नाही. चेतन दातार यांचे ‘एक माधवबाग’ मुलाचे समलिंगी असणे आईच्या तोंडून समजून घेते, गंभीरपणे आणि ममतेने. ही नाटके मोलाचीच आहेत. पण ज्या प्रेमाला फक्त दुःख किंवा सहानुभूती मिळते आणि घोटाळा, रुसवा, तसबीर, फजिती आणि शेवटची वरात मिळत नाही, त्याला रंगभूमीने अजून घरात घेतलेले नाही. ‘संशयकल्लोळ’ आणि ‘मानापमान’ यांचे नवे प्रयोग होतात तेव्हा पदे निवडली जातात, लांबी छाटली जाते, नायिकेला गाणारी अभिनेत्री मिळते आणि संहितेचा गाभा तसाच झाकलेला राहतो. रेवती किंवा भामिनी आज पुन्हा एखाद्या पुरुष नटाला द्यावी, मावशीसारखी विनोदासाठी नव्हे, तर १९१६ सालच्या गांभीर्याने, आणि अश्विनशेठला किंवा धैर्यधराला तिच्यावर खरोखर प्रेम करू द्यावे. संहितेतला एक शब्दही बदलावा लागणार नाही.