वर्गणीदाराला न विचारता केलेला शेवट

मासिकाची वर्गणी हा जरा अजबच व्यवहार आहे. वर्षाचे पैसे आज मोजायचे आणि त्या बदल्यात काय मिळणार हे संपादकालाही अजून ठाऊक नसतं. पुस्तक घेताना मलपृष्ठ वाचता येतं, कोणाकडून तरी ऐकलेलं असतं. मासिकातली कथा अशी कुठलीही ओळखपाळख न देता टपालाने घरात शिरते. आपल्याकडे ‘धनंजय’, ‘नवल’ यांसारख्या दिवाळी अंकांची आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

‘द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन’ हे अमेरिकन मासिक १९४९ साली निघालं. त्याच्या एप्रिल १९५९च्या अंकात डॅनियल कीज यांची ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’ ही कथा आली. कीज तेव्हा काही मोठं नाव नव्हतं. वर्गणीदाराने कथेचं पहिलं पान उघडलं असेल तेव्हा त्याला वाटलं असेल, मुद्रितशोधक रजेवर होता की काय! शुद्धलेखनाचा असा बोजवारा की ओळीओळीला अडखळायला होतं. लिहिणारा आहे चार्ली गॉर्डन. वय ३७, बुद्ध्यंक ६८, काम एका कारखान्यात झाडलोटीचं. रात्री तो प्रौढांच्या वर्गात मिस किनियनकडे लिहावाचायला शिकतो. डॉ. स्ट्रॉस आणि डॉ. नीमर त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून त्याची बुद्धी तिप्पट करणार आहेत. अल्जर्नन नावाच्या पांढऱ्या उंदरावर ती आधीच झाली आहे. मनात येईल ते लिहीत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चार्ली ‘प्रगती अहवाल’ लिहितो, आणि ते अहवाल म्हणजेच अख्खी कथा. ५ मार्चला सुरू होते, २८ जुलैला संपते. मध्ये बोलणारा दुसरा कोणी नाही.

शाईच्या डागात चित्रं बघायला सांगतात तेव्हा चार्लीला शाईच दिसते. आपण नापास झालो म्हणून तो खट्टू होतो. भुलभुलैयाच्या शर्यतीत उंदीर त्याला हरवतो. हे सगळं तो इतक्या सरळपणे लिहितो की आपल्याला हसू येतं. कारखान्यातले ज्यो आणि फ्रँक हे त्याचे ‘मित्र’. एका रात्री ते त्याला कोपऱ्यावर पाठवतात, पाऊस पडतोय का बघून ये म्हणून. परत येतो तर तिथे कोणीच नाही. चार्लीला वाटतं, बहुधा ते आपल्यालाच शोधायला गेले असतील. हे वाक्य तो ज्या समजुतीने लिहितो ती त्याची, आणि त्यामागचा खरा प्रकार ओळखतो तो वाचक. दोघांमधल्या या अंतरावर कथेचा पहिला भाग उभा आहे.

शस्त्रक्रियेनंतर बराच काळ काही घडत नाही. मग स्वल्पविरामाचा प्रसंग येतो, माझ्या मते कथेतला सर्वांत कारागिरीचा. मिस किनियन विरामचिन्हांची ओळख करून देते. चार्ली हरखून जातो आणि सापडेल तिथे चिन्हं पेरत सुटतो, लग्नात अक्षता टाकाव्यात तशी. पुढच्या नोंदीत प्रत्येक चिन्ह जागच्या जागी. एरवी विज्ञानकथेत अशा ठिकाणी दिवे लुकलुकतात, यंत्रं घरघरतात. इथे दोन नोंदींच्या मधल्या कोऱ्या जागेत एका माणसाचा मेंदू बदलतो आणि पुरावा म्हणून मिळतात फक्त स्वल्पविराम.

यानंतरची चढण झरझर उरकली आहे. वाक्यं लांब आणि जड होतात, डॉक्टर लहान वाटू लागतात, मिस किनियन मागे पडते, कारखान्यातले लोक त्याला कामावरून काढायला अर्ज करतात. मग एका खाणावळीतला प्रसंग. बशा विसळणाऱ्या पोराच्या हातून भांडी फुटतात, गिऱ्हाईकं खिदळतात, पोरगाही काही न समजता हसतो. आणि चार्लीच्या लक्षात येतं की आपणही हसतोय. तो उठून सगळ्यांवर ओरडतो. या ओरडण्याचा रोख खाणावळीवर आहे तितकाच वाचकावरही, कारण पहिल्या पानावरच्या चुकांना तोही हसला होता. कीज ते कुठेही बोलून दाखवत नाहीत, हे मला विशेष वाटतं.

पुढे चार्लीच संशोधन करून सिद्ध करतो की अशी वाढवलेली बुद्धी जितकी चढवली तितक्याच वेगाने उतरते. हा निष्कर्ष तो कोरड्या शास्त्रीय भाषेत लिहितो, जणू दुसऱ्याच कोणाचा आजार. अल्जर्नन मरतो. चीजच्या खोक्यात घालून चार्ली त्याला मागच्या अंगणात पुरतो. काही दिवसांनी तो स्वतःचाच प्रबंध काढून बघतो आणि तो परक्याने लिहिल्यासारखा वाटतो. हळूहळू विरामचिन्हं गळतात, मग स्पेलिंग. चुका पुन्हा पहिल्या पानासारख्याच होतात, पण आता त्यांना हसण्याची कोणाची छाती नाही.

हा शेवट सगळ्याच संपादकांनी सहज स्वीकारला नव्हता. कीज यांनी कथा आधी ‘गॅलेक्सी’ या विज्ञानकथांच्या मासिकाकडे दिली होती. तिथले संपादक होरेस गोल्ड म्हणाले, शेवट बदला: चार्लीची बुद्धी टिकू दे, त्याचं मिस किनियनशी लग्न लावा. गोल्ड यांना आज हसणं सोपं आहे. पण ‘फॅरनहाइट ४५१’चं मूळ रूप याच माणसाने छापलं होतं, आल्फ्रेड बेस्टरची ‘द डिमॉलिश्ड मॅन’ही. १९५७ साली अमेरिकन न्यूज कंपनी ही बडी वितरक संस्था बंद पडली होती आणि कित्येक मासिकांचे हाल झाले होते. अशा काळात वाचक दुखावून पुढच्या वर्षीची वर्गणी गमावणं कोणाला परवडणार? मला गोल्ड यांची अडचण समजते, उपाय पटत नाही. चार्ली हुशार राहिला असता तर शेवटच्या नोंदी गेल्या असत्या आणि त्यांच्यासोबत पहिल्या नोंदींचं प्रयोजनही. उरलं असतं ते एका यशस्वी शस्त्रक्रियेचं वर्तमान. कीज यांचे मित्र, विज्ञानकथाकार फिल क्लास यांनी त्यांना बजावलं की एक शब्द बदलायचा नाही. कीज यांनी नकार दिला आणि ‘फँटसी अँड सायन्स फिक्शन’च्या रॉबर्ट मिल्स यांनी कथा आहे तशी घेतली. १९६० साली तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

वर्गणीदार टिकवण्याचा मासिकांवरचा ताण अजून तसाच आहे. ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या विज्ञानकथांच्या मासिकातल्या कथा इंटरनेटवर फुकट वाचता येतात, तरी काही वाचक वर्गणी भरतात. २०२३ साली ॲमेझॉनने किंडलवरची मासिकांची वर्गणी बंद केली तेव्हा अशा मासिकांच्या पोटावर पाय आला.

कीज यांनी पुढे या कथेची कादंबरी केली, ती १९६६ साली निघाली. तिच्यात चार्ली ३२ वर्षांचा आहे, कारखान्याऐवजी बेकरी आहे, आईबाप आहेत, प्रेमप्रकरण आहे, शिकागोतली परिषद आहे. ती भरीव आहे, तिला नेब्युला पुरस्कार मिळाला आणि तिच्यामागे शाळाकॉलेजांतला मोठा वाचकवर्ग उभा राहिला. तरी मला मासिकातली आवृत्तीच अधिक टोकदार वाटते. चढण आणि उतार एका बैठकीत वाचले की चुकांची पहिली ओळ अजून डोळ्यांपुढे असतानाच शेवटची येते. कादंबरीत मधल्या पानांच्या गर्दीत हा संबंध सैल होतो. प्रकाशकांना मात्र तिथेही शेवटच खटकला. डबलडे या मोठ्या प्रकाशनसंस्थेने तो बदलायला सांगितलं, तेव्हा कीज यांनी घेतलेले आगाऊ पैसे परत केले. पुढच्या वर्षभरात पाच प्रकाशकांनी हस्तलिखित नाकारलं. अखेर हार्कोर्ट, ब्रेस अँड वर्ल्डने ते छापलं, त्याच शेवटासह.