ब्राउजर बदला म्हणणं सोपं, डोंगलचं काय?

या वेळचा पेपर सर्च इंजिनबद्दल आहे आणि मला बोलायचंय ब्राउजरबद्दल. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे आधीच सांगून टाकते. बरेच जण दोन्हींना ‘गूगल’ म्हणतात, आणि क्रोम उघडल्यावर समोर काय दिसतं ते बघितलं तर त्यांचं फार चुकतं असंही नाही.

पेपर हंट ऑलकॉट, मॅथ्यू गेंट्झको आणि सहकाऱ्यांचा, २०२५ सालचा. प्रश्न साधा आहे: लोक गूगल सोडून बिंगकडे का जात नाहीत? उत्तर शोधायला त्यांनी डेस्कटॉप वापरणाऱ्या खऱ्या माणसांवर प्रयोग केला. काहींना ‘यातलं एक निवडाच’ असं सांगितलं, तर बिंगचा वाटा जेमतेम १.१ टक्केबिंदूंनी वाढला. काहींना पैसे देऊन दोन आठवडे बिंग वापरायला लावलं. मुदत संपल्यावर त्यातले ३३ टक्के म्हणाले, राहू दे की हेच. आणि काहींचं डीफॉल्टच बदलून ठेवलं, तर पुष्कळांनी ते परत फिरवलं नाही, कारण तिकडे लक्षच गेलं नाही. यावरून लेखक म्हणतात की बदलण्याचा खर्च, म्हणजे अर्थशास्त्रातला ‘स्विचिंग कॉस्ट’, इथे फारसा नाही. अडतं ते अंदाजापाशी आणि दुर्लक्षापाशी.

प्रयोग म्हणून मला हा पेपर फार आवडला. माझी तक्रार त्याच्याशी नाही. तो वाचून ‘ब्राउजरचंही तसंच असणार, लोक आळशी असतात’ असं जे लगेच म्हटलं जातं, त्याच्याशी आहे. हे वाक्य मी निगडीत बसून वाचते आणि अडखळते.

निगडीतून तळवड्याकडे नाहीतर चिखलीकडे निघालात की लहान वर्कशॉप सुरू होतात. शेडमध्ये लेथ, व्हीएमसी, आणि एका कोपऱ्यात काचेचं केबिन. केबिनमध्ये एक पीसी, त्यावर टॅली, आणि तीन ब्राउजर. क्रोम मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप वेबसाठी. एज एका गिऱ्हाईक कंपनीच्या व्हेंडर पोर्टलसाठी. फायरफॉक्स ‘डोंगलचं काम’ करायला, कारण कधीतरी कोणीतरी त्यातच सेटिंग करून दिलंय आणि ते चालतंय. इथे ब्राउजर बदलायचा प्रश्नच येत नाही. कामं वाटून दिलेली आहेत. सर्वेक्षणात ‘तुमचा मुख्य ब्राउजर कोणता?’ असं विचारलंत तर उत्तर मिळेल क्रोम, आणि ते खरंही असेल. पण तेवढ्यावरून काहीच कळणार नाही.

आधी एजचं घ्या. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररचा आधार १५ जून २०२२ला काढून घेतला. पण जुनी पोर्टलं राहिली, म्हणून एजच्या आत ‘आयई मोड’ ठेवला, तो किमान २०२९पर्यंत राहील असं कंपनीने जाहीर केलंय. मोठ्या कंपनीत हे आयटीवाले एकदाच लावून टाकतात. लहान युनिटमध्ये हाताने लावावं लागतं, आणि हाताने लावलेल्या पानाची परवानगी ३० दिवसांनी आपोआप संपते. एकतिसाव्या दिवशी पोर्टल अर्धवट उघडतं, बटणं दाबली जात नाहीत. बाहेर माल भरलेला टेम्पो चाकणला निघायला उभा, आणि एएसएन भरल्याशिवाय तिकडच्या गेटवर घेणार नाहीत. अशा वेळी माणसाला कोणता ब्राउजर आवडतो हा प्रश्न जरा चेष्टेचाच वाटतो.

खरी गाठ मात्र डोंगलपाशी आहे. डोंगल म्हणजे डिजिटल सहीचं यूएसबी टोकन. सहीची गुप्त किल्ली त्याच्या आत असते आणि बाहेर येत नाही. त्यामुळे ज्यावर सही करायची ते टोकनपर्यंत पोचवावं लागतं. वेबपानाला मात्र तुमच्या यूएसबीत असा हात घालता येऊ नये, अशीच ब्राउजरची रचना असते, आणि ती योग्यच आहे. पूर्वी यावर जावा अ‍ॅपलेटचा पूल होता. क्रोमने तो प्लगइनचा रस्ता सप्टेंबर २०१५मध्ये बंद केला, फायरफॉक्सने मार्च २०१७मध्ये. दोघांचंही कारण रास्त होतं, त्या रस्त्याने सॉफ्टवेअरमधले किडे आत यायचे. पण सही करायची दुसरी रीत कोणी ठरवून दिली नाही. २०१७मध्ये डब्ल्यूथ्रीसीने वेब क्रिप्टोग्राफीचं मानक पक्कं केलं, त्यातही हार्डवेअर टोकन बाहेरच राहिलं.

मग आला जुगाड. जीएसटीसाठी ‘एमसाइनर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम तुमच्याच पीसीवर चालवायचा, तो १२७.०.०.१ या पत्त्यावर, १५८५ क्रमांकाच्या पोर्टवर उभा राहतो, आणि वेबपान त्याच्याशी बोलतं. त्याचं प्रमाणपत्र ब्राउजरच्या ओळखीचं नसतं, म्हणून ब्राउजर लाल इशारा देतो. इशारा ओलांडून ‘अपवाद मान्य’ करा, असं सूचनापत्रकातच असतं. हा इशारा प्रत्येक ब्राउजर वेगळ्या ठिकाणी देतो, वेगळ्या बटणामागे लपवतो, आणि अपडेट आलं की जागा बदलू शकते. एका ब्राउजरवर जमलं की माणूस तो ब्राउजर हलवत नाही. वीस तारीख, ३बी भरायचा दिवस, डोक्यावर असताना प्रयोग कोण करेल? (सुरक्षित सही करण्यासाठी लोकांना सुरक्षेचा इशारा ओलांडायला शिकवतोय, यावर कोणीतरी वेगळा पेपर लिहायला हवा.)

आता मूळ वादाकडे येते. ‘आहे ते बरं’ या वृत्तीवर सॅम्युअलसन आणि झेकहाउसर यांचा १९८८चा लेख सगळे उद्धृत करतात. त्यांनी ‘स्टेटस को बायस’ची तीन प्रकारची कारणं मांडली होती. त्यातला पहिलाच प्रकार चक्क शहाणपणाचा आहे: बदलायला खरोखर खर्च येतो, पुढे काय होईल ते नक्की नसतं, म्हणून माणूस थांबतो. बाकीचे दोन मनाच्या सवयींचे. उद्धृत करणारे पहिला गाळतात आणि उरलेले दोन मिरवतात.

आमच्या पट्ट्यात हे तपासायची एक छान सोय आहे. जीएसटीच्या नियमाप्रमाणे कंपनी आणि एलएलपीला डिजिटल सही लागते. प्रोप्रायटरचं ओटीपीवर भागतं. म्हणजे शेजारशेजारच्या दोन गाळ्यांत सारखंच काम, सारखाच पीसी, पण एक प्रोप्रायटरी आणि दुसरी प्रायव्हेट लिमिटेड. अडसर आळसाचा असेल तर दोघं सारखेच चिकटून बसायला हवेत. डोंगलचा असेल तर पहिला उद्या ब्राउजर बदलू शकतो, दुसरा नाही. मला दुसरं खरं वाटतं. (सरकारी निविदा भरणाऱ्या प्रोप्रायटरला डोंगल लागतोच, त्याला या तुलनेतून वगळावं लागेल.)

बाकीच्या रोजच्या कटकटींचं काय? आहेत, पण मी त्या हलक्या धरते. क्रोम मेमरी खातो, आणि एक्स्टेन्शनचे नियम बदलून त्याने ‘यूब्लॉक ओरिजिन’सारखा जाहिराती अडवणारा चांगला गडी बाहेर काढला. एज सारखा ‘मला डीफॉल्ट करा’ म्हणत मागे लागतो. फायरफॉक्सवर काही साइट उगीच रुसतात. यातली एकच कटकट वर्कशॉपला खरी बोचते. जुन्या मशीनच्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज ७चा पीसी ठेवावा लागतो, आणि क्रोम २०२३च्या सुरुवातीला १०९व्या आवृत्तीवर तिथे थांबला. फायरफॉक्सने त्यांच्यासाठी ११५ची आवृत्ती धरून ठेवली आणि तिची मुदत पुन्हापुन्हा वाढवली. या एका गोष्टीसाठी मी त्यांना मानते.

मग देशी ब्राउजर? केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३मध्ये ३.४१ कोटींची ब्राउजर स्पर्धा जाहीर केली. अटींमध्ये दोन गोष्टी होत्या: भारताच्या सीसीएचं मूळ प्रमाणपत्र ब्राउजरच्या विश्वासयादीत असावं, आणि टोकन वापरून ब्राउजरमध्येच सही करता यावी. म्हणजे निदान अचूक होतं! मार्च २०२५मध्ये झोहोचा ‘उला’ पहिला आला, एक कोटींचं बक्षीस मिळालं.

पहिली अट का लागली, तेही बघण्यासारखं आहे. २०१४च्या जुलैमध्ये एनआयसीच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं. तेव्हा सीसीएची प्रमाणपत्रं मायक्रोसॉफ्टच्या विश्वासयादीत होती, फायरफॉक्सच्या स्वतःच्या यादीत नव्हती, म्हणून फायरफॉक्सवाले वाचले. विश्वासयादीत बसायला देशाचा शिक्का पुरत नाही, पारदर्शक कारभार दाखवावा लागतो. नव्या ब्राउजरमध्ये आपणच आपलं नाव घालून घेतलं तर तो प्रश्न सुटत नाही, फक्त विचारणारा बाजूला होतो.

आणि दुसरी अट. उला क्रोमियमवरच बांधलाय, त्यामुळे पानं उघडायची अडचण नाही. पण सही जमायची तर पोर्टलनेही त्या ब्राउजरशी त्याच भाषेत बोलायला हवं. उद्या एखाद्या पोर्टलने ‘फक्त अमुक देशी ब्राउजर वापरा’ अशी पाटी लावली, तर केबिनमधल्या पीसीवर तीनाचे चार ब्राउजर होतील. इंटरनेट एक्स्प्लोररच्या काळात नेमकं हेच झालं होतं. पैसे ब्राउजरवर घालण्याऐवजी कोणत्याही ब्राउजरला वापरता येईल अशा सहीच्या खुल्या मानकावर घातले असते, तर स्पर्धेला विजेता मिळाला नसता, पण अकाउंट्सवाल्या ताईंचं काम झालं असतं.

ऑलकॉट यांच्यासारखा प्रयोग इथे करायचाच झाला, तर आणखी एक अडचण येईल. कित्येक युनिटचा डोंगल केबिनमध्ये नसतोच. तो प्राधिकरणातल्या सीएच्या ऑफिसात, इतर डोंगलांबरोबर, नावाच्या चिठ्ठ्या लावून डब्यात ठेवलेला असतो. पैसे देऊन दोन आठवडे ब्राउजर बदलायला लावायचं ते मग मालकाला, अकाउंट्सवाल्या ताईंना, की आर्टिकलशिप करणाऱ्या त्या पोराला?