संख्याशब्दांचे नामत्व : ‘सातबारा’च्या निमित्ताने

मराठी व्याकरणांत संख्याविशेषणांचे गणनावाचक, क्रमवाचक, आवृत्तिवाचक, पृथक्त्ववाचक असे वर्गीकरण रूढ आहे. ते उपयुक्त आहे. परंतु संख्याशब्द आला की मोजणी किंवा क्रम ह्यांपैकी काही तरी सांगितले जाते, हे गृहीत त्यामागे आहे. संख्येचा नावासारखा होणारा वापर ह्या गृहीतात बसत नाही. मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स ह्यांनी १९४६ साली मापनश्रेणींचे चार प्रकार कल्पिले व सर्वांत तळाशी नाममात्र श्रेणी ठेवली. फुटबॉलच्या खेळाडूंना दिलेले क्रमांक हे तिचे उदाहरण होय. तेथे अंक केवळ ओळख पटवितो. त्यांची बेरीज निरर्थक ठरते. तथापि हा विचार अर्थापुरता आहे. शब्दाच्या रूपाचे पुढे काय होते, हे भाषाभ्यासकाने पाहावयाचे.

गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. ह्या दोहोंच्या एकत्र उताऱ्यास ‘सातबारा’ हे नाव पडले. ‘७/१२’ ह्या लेखनात कोणी अपूर्णांक वाचील, तर तो दोष तिरप्या रेघेचा. बारावा नमुना सातव्यापेक्षा पाचाने मोठा नसतो, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही.

आता रूपे पाहावीत. ‘बाराचा पाढा’, ‘बारापेक्षा कमी’ ह्या प्रयोगांत ‘बारा’ अविकृत राहतो. परंतु नाव चढते ते ‘सातबाऱ्यावर’. तलाठ्याकडून आणावयाचे ते ‘सातबारे’. म्हणजे ‘वाडा’, ‘घोडा’ ह्या आकारान्त पुल्लिंगी नामांप्रमाणे ह्या शब्दास सामान्यरूप व अनेकवचन लाभले आहे. कर्जाचा बोजा उतरला की सातबारा ‘कोरा’ होतो. ‘बारा’ ही संख्या कोरी होऊ शकत नाही.

केवळ नावासारखा वापर झाल्याने हा पालट होतो, असे मात्र म्हणता येणार नाही. ‘बारा नंबरच्या खोलीत’ येथेही बारा हे नावच आहे, पण शब्द जसाच्या तसा राहतो. कारण ‘नंबर’ आणि ‘खोली’ हे विशेष्याचे काम करीत असतात. ‘छत्तीसचा आकडा’ ह्यातही, ३ आणि ६ ह्यांनी एकमेकांकडे पाठ फिरविलेली असली तरी, भार ‘आकडा’ ह्या शब्दावरच आहे. ‘सातबारा’मागचा ‘उतारा’ गळला, आणि त्याचे लिंग व चालविण्याची रीत संख्येच्या अंगी आली. सबब कोशात ह्या शब्दास ‘सात’खाली पोटनोंद देणे अपुरे आहे, त्याची नोंद स्वतंत्र पुल्लिंगी नाम म्हणूनच व्हावयास हवी.

‘चारसोबीस’ची वाट वेगळी. येथे संख्या आणि नाव ह्यांची फारकत ध्वनींतच झाली : चारशे वीस रुपये मोजणारा मराठी माणूस लबाडास बहुधा हिंदी उच्चाराने संबोधितो. भारतीय दंडसंहितेतील (१८६०) ज्या कलमावरून हे नाव आले, ती संहिता १ जुलै २०२४ पासून नव्या गुन्ह्यांपुरती मागे पडली. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचे कलम ३१८ आहे. लबाडास मात्र कोणी ‘तीनशे अठरा’ म्हणत नाही.