मायकेलँजेलोची उमेदवारी

थोर कलावंताचें चरित्र त्याच्या हयातींतच लिहिलें जाणें हें त्याचें भाग्य खरें, पण पुढच्या चिकित्सकाची तीच अडचण होऊन बसते. कारण अशा चरित्रांत नायक हाच मुख्य साक्षीदार असतो. मायकेलँजेलोच्या वांट्यास हें भाग्य दोनदां आलें. १५५० सालीं जॉर्जो वासारी यानें इटालियन कलावंतांच्या चरित्रांचा आपला प्रसिद्ध ग्रंथ काढला आणि त्याचा कळस म्हणून मायकेलँजेलोचें चरित्र योजिलें. नायकाचें मात्र त्यानें समाधान झालें नाहीं. तीनच वर्षांनीं, १५५३ मध्यें, अस्कानिओ कोंदिवी या त्याच्या शिष्यानें रोम येथें दुसरें चरित्र छापलें. त्यावर नांव शिष्याचें असलें तरी आंतला आवाज बव्हंशीं गुरूचा आहे. पुढें १५६४ सालीं मायकेलँजेलो वारला आणि १५६८ मध्यें वासारीनें आपला ग्रंथ वाढवून पुन्हां काढला. या आवृत्तींत त्यानें कोंदिवीला जें उत्तर दिलें आहे, तें चरित्रवाङ्मयाची आवड असणाऱ्या प्रत्येकानें पाहण्यासारखें आहे. तें युक्तिवादाचें उत्तर नव्हे. ती हिशेबाच्या वहींतील एक नोंद आहे.

कोंदिवीच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा तर मायकेलँजेलोला चित्रकला कोणी शिकविलीच नाहीं. लहानपणीं अभ्यास टाकून तो चित्रें काढी आणि त्यापायीं बापाचा व चुलत्यांचा मार खाई. ग्रानाच्ची नांवाचा एक मित्र त्याला नमुने आणून देई व कधीं कधीं डोमेनिको गिर्लांदायो या आपल्या उस्तादाच्या चित्रशाळेंत घेऊन जाई. संबंध काय तो एवढाच. उलट हा उस्ताद मुलाचा मत्सर करी; एकदां मागितलेली चित्रांची वही त्यानें दिली नाहीं. डोमेनिकोचा मुलगा मायकेलँजेलोच्या मोठेपणाचें श्रेय आपल्या बापाच्या शिकवणीस देतो असें कानांवर आलें, म्हणून हें सांगावें लागत आहे, अशी पुस्तीही कोंदिवी जोडतो. डोमेनिको १४९४ सालींच वारला होता. त्याच्या बाजूनें बोलावयास त्याची हिशेबाची वही तेवढी शिल्लक होती.

ही वही वारसांपाशीं होती. तींतील नोंद वासारीनें छापून टाकली, आणि गंमत ही कीं ती मायकेलँजेलोच्या बापाच्या हातची आहे. १ एप्रिल १४८८ रोजीं लोदोविको बुओनार्रोती आपला मुलगा डोमेनिको व त्याचा भाऊ दाव्हिद यांजकडे तीन वर्षांकरितां ठेवीत आहे. मुलानें त्यांजपाशीं राहून चित्रकला शिकावी व ते सांगतील तें काम करावें. उस्तादांनीं त्याला तीन वर्षांत मिळून चोवीस फ्लोरिन द्यावे: पहिल्या वर्षीं सहा, दुसऱ्या वर्षीं आठ, तिसऱ्या वर्षीं दहा. खालीं १६ एप्रिलची ओळ आहे, ती दोन सोन्याचे फ्लोरिन पोंचल्याची. मुलाचें वय तेव्हां तेरा वर्षांचें होतें.

गुरूला दक्षिणा द्यावी हें आपल्या कानांच्या सवयीचें. येथें गुरूच शिष्याला पैसे देत आहे. हा उदारपणा नव्हे. ज्याला अजून रंग खलतां येत नाहीं त्याला कोणताही धंदेवाला पहिल्याच पंधरवड्यांत पैसे मोजीत नाहीं. म्हणजे हा मुलगा करारापूर्वींच दुकानांत रुळला होता, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस उजेडांत आलेल्या एका नोंदीनें हा तर्क खरा ठरविला: जून १४८७ मध्येंच तो डोमेनिकोच्या वतीनें पैशांची वसुली करतांना आढळतो. कधीं तरी मित्राबरोबर चित्रशाळा पाहावयास जाणारा मुलगा तो हा नव्हे.

'दुकान' हा शब्द आम्हीं जाणून वापरला आहे. इटालियन भाषेंत चित्रकाराच्या कामाच्या जागेला 'बोत्तेगा' म्हणत, आणि साध्या दुकानालाही तोच शब्द. डोमेनिकोचें दुकान त्या वर्षांत फ्लॉरेन्समध्यें अतिशय जोरांत चाललें होतें. १ सप्टेंबर १४८५ रोजीं जोव्हान्नी तोर्नाबुओनी यानें सांता मारिया नोव्हेल्ला या देवळाच्या मुख्य वेदीमागील भिंती रंगविण्याचें काम दोघां भावांस दिलें. हा गृहस्थ मेदिची पेढीचा रोममधील कारभारी आणि लोरेन्झो मेदिचीचा मामा. मोबदला अकराशें फ्लोरिन, मुदत चार वर्षांची. त्याच वर्षीं २३ ऑक्टोबरला अनाथ बालकांच्या इस्पितळासाठीं एका चित्राचा दुसरा करार झाला. त्याचीं कलमें वाचतांना आपण कलेच्या प्रांतांत आहों कीं इमारतीच्या ठेक्याच्या, असा प्रश्न पडतो. किंमत एकशें पंधरा फ्लोरिन. रंग चित्रकाराच्या खर्चाचे. निळा रंग औंसाला सुमारें चार फ्लोरिन पडतो त्या प्रतीचा हवा. आणि चित्र तेवढ्या किंमतीचें नाहीं असें मठाधिकाऱ्यास वाटलें तर तो कमी देईल. नाण्यानाण्यांतला फरक सोडून दिला तर मायकेलँजेलोची तीन वर्षांची कमाई अशा सहा औंस निळ्या रंगाएवढी भरते. धनिकाचा आश्रय म्हणून आपण ज्याचा गौरव करतों, तो बहुतेक वेळां या कलमांच्या भाषेंत बोलत असे. तोर्नाबुओनीच्या भिंतींवर मेरीच्या जन्माचा प्रसंग आहे. त्यांत त्याच्या घरची मुलगी भारी वस्त्रें लेवून, चार बायकांना मागें घेऊन, हळदीकुंकवाला आल्यासारखी उभी आहे. पैसे देणाराला आपलें घर भिंतीवर पाहावयाचें होतें, आणि डोमेनिकोनें तें चोख दाखविलें.

मग शिष्यानें हें सारें झांकलें कां? उत्तर कोंदिवीच्या पहिल्याच पानांवर आहे, असें आम्हांस वाटतें. तेथें बुओनार्रोतींचा वंश कानोस्साच्या सरदारांपर्यंत नेऊन भिडविला आहे. इतिहासाला ही वंशावळ मान्य नाहीं. मायकेलँजेलोचा मात्र तिच्यावर मनापासून विश्वास होता. सरदारांच्या वंशजानें रोजमुऱ्यावर दुकानांत राबावें हें त्याला कसें खपावें! १५४८ सालीं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं, पुतण्याला लिहिलेल्या पत्रांत तो बजावतो कीं 'शिल्पकार मायकेलँजेलो' असा पत्ता कोणी घालीत जाऊं नये. दुकान मांडणाऱ्यांसारखा चित्रकार किंवा शिल्पकार आपण कधींच नव्हतों. तीन पोपांची चाकरी केली, पण तीही नाइलाजानें, असें तो पुढें म्हणतो. बोत्तेगा हाच शब्द तेथें आहे. बापाचेंही तसेंच. मुलगा पाथरवट होणार म्हणून त्यानें केलेला आकांत आणि शिल्पकार वेगळा व पाथरवट वेगळा हें समजावतांना ग्रानाच्चीला पडलेले कष्ट कोंदिवीनेंच वर्णिले आहेत.

चरित्रकाराची वृत्ति त्यानें काय सांगितलें यापेक्षां कोठें किती सांगितलें यावरून अधिक उमगते. उस्तादाच्या दुकानाला कोंदिवीनें जेमतेम परिच्छेद दिला. लोरेन्झोच्या वाड्याचा विषय निघतांच त्याची लेखणी सैल सुटते. बागेंतला वनदेवाचा मुखवटा, म्हाताऱ्याला इतके सारे दांत कसे म्हणून लोरेन्झोनें केलेली थट्टा, मुलानें लगोलग पाडलेला दांत, वाड्यांत मिळालेली खोली, जेवणाच्या पंक्तींतली जागा, बापाला जकातींत लावून दिलेली नोकरी, कांहीं सुटलेलें नाहीं. आश्रयदात्याची आठवण अशी लख्ख आणि शिक्षकाची इतकी पुसट! आश्रयानें प्रतिष्ठा वाढते आणि शिकवणीच्या कबुलीनें ती उणी होते, असा हा हिशेब आहे. अध्यापनावर पोट भरणाऱ्या आम्हांसारख्यांना तो अगदींच अपरिचित नाहीं.

याचा अर्थ वासारी निःस्वार्थी होता असा नव्हे. तो कोसिमो मेदिचीचा आश्रित. ग्रंथाच्या दोन्ही आवृत्त्या त्यालाच अर्पण केलेल्या. म्हणून त्याच्या कथेंत लोरेन्झोची बाग ही जणू कलेची पाठशाळा होते, आणि लोरेन्झोनें मागणी करतांच डोमेनिको आपले उत्तम शिष्य स्वतः होऊन धाडतो. गुरूचा मान राहिला, धनिकाचाही राहिला. हा भाग आम्ही जपूनच वाचतों. परंतु बापाच्या हातची ओळ वासारीच्या सोयीसाठीं लिहिलेली नव्हती, आणि तिच्यापुढें कोंदिवीची बाजू टिकत नाहीं.

शिवाय खुद्द मायकेलँजेलोच्या हाताचीच एक साक्ष आहे. १० मे १५०८ रोजीं, सिस्टाइन मंदिराचें छत रंगविण्यापोटीं पोप ज्यूलियसकडून पांचशें डुकात पोंचल्याची टिपण करतांना तो स्वतःला 'शिल्पकार' म्हणवितो. तोंवर भिंतीवरचें एकही मोठें चित्र त्यानें पुरें केलें नव्हतें. ओल्या गिलाव्यावरचें चित्रण ही मनांत येतांच साधणारी गोष्ट नव्हे. एका दिवसांत रंगवून होईल तेवढाच तुकडा सकाळीं लिंपावयाचा, तो वाळण्यापूर्वीं काम उरकावयाचें, आणि चूक झाली तर तुकडा खरवडून पुन्हां लिंपावयाचा. १९८० पासून पुढें दहाएक वर्षें त्या छताची सफाई झाली. काजळी निघून गेली आणि खालून या शुद्ध पद्धतीचें काम व उजळ, एकमेकांत पालटणारे रंग बाहेर आले. कल्पना त्याची स्वतःची. परंतु गिलाव्याचें शास्त्र सांता मारिया नोव्हेल्लाच्या परांचीवर शिकलेलें. मदतीला त्यानें फ्लॉरेन्सहून जे चित्रकार बोलाविले त्यांत ग्रानाच्ची होता. मदतनिसांना त्यानें लौकरच परत धाडलें असें वासारी सांगतो.

त्याच परांचीची वासारीनें दिलेली एक आख्यायिका आम्हांस फार आवडते. उस्ताद बाहेर गेला असतां मुलानें परांची, तीवरचीं भांडीं आणि काम करणारे सोबती यांचें चित्र काढलें. परत आल्यावर तें पाहून डोमेनिको म्हणाला, याला माझ्यापेक्षां अधिक कळतें. कोंदिवीचा मत्सरी गुरु आणि हा गुरु यांत आम्ही दुसऱ्याची निवड करूं.

आतां कोंदिवीविषयीं थोडें. तो कांहीं नुसता लेखनिक नव्हता. मायकेलँजेलोजवळ चित्रकला शिकत होता. गुरूनें एका चित्राचा पूर्ण आकाराचा आराखडा स्वतः काढून त्याच्या हातीं दिला. तो आराखडा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. त्यावरून शिष्यानें रंगविलेलें चित्र फ्लॉरेन्समध्यें बुओनार्रोतींच्याच घरांत ठेविलें आहे. आराखड्यांतील मूर्ति अंगानें भरलेल्या व अस्वस्थ आहेत. चित्रांत त्या लांकडी झाल्या आहेत, आणि तें पुरेंही झालेलें नाहीं.