प्रवासवर्णनातून हरवलेली गर्दी

परदेशप्रवास आता आपल्या मंडळींत नवलाचा राहिलेला नाही. मुले-नातवंडे परदेशी स्थायिक झाली, सहली सोयीच्या झाल्या, आणि इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांतूनही लोक इजिप्त-कंबोडियापर्यंत जाऊन येऊ लागले. त्याबरोबर प्रवासलेखही वाढले. हे लेखन आम्ही आस्थेने वाचतो. म्हणूनच त्यातील एका उणिवेकडे लक्ष वेधावेसे वाटते. प्राचीन मंदिरांच्या आणि थडग्यांच्या या वर्णनांत गर्दी कोठेच नसते.

अरुंद उतारावरून पुढच्याच्या पाठीला पाठ लावून खाली गेलेला लेखक घरी येऊन लिहितो, की त्या नीरव दालनात आपण एकटेच एका प्राचीन राजासमोर उभे होतो. मग शब्द अपुरे पडतात, अंगावर रोमांच उभे राहतात, काळ थांबतो. ही वाक्ये कोणत्याही स्थळाला लावता येतात, हाच त्यांचा मुख्य दोष होय. किती वेळ पाहावयास मिळाले, कोठून मिळाले आणि काय निसटले, हे सांगितल्याखेरीज पाहणाऱ्याची साक्ष पुरी होत नाही.

लक्सरजवळच्या राजांच्या खोऱ्यातील तूतनखामेनचे थडगे घेऊ. १९२२ च्या नोव्हेंबरात हॉवर्ड कार्टर यांना ते सापडले. ते आकाराने लहान आहे आणि त्यातील एकाच दालनाच्या भिंती रंगविलेल्या आहेत. सोन्याचा मुखवटा तेथे नाही. तो आता गिझा येथे २०२५ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या नव्या संग्रहालयात आहे. राजाचा देह मात्र थडग्यातच असून २००७ पासून काचेच्या पेटीत ठेवलेला आहे. भिंतीवर बारा वानरे ओळीने बसलेली दिसतात. दुसऱ्या भिंतीवर राजाचा उत्तराधिकारी आय बिबट्याचे कातडे पांघरून मृताचे मुख उघडण्याचा विधी करीत आहे. रांग पुढे सरकण्यापूर्वी यांतले एकच चित्र नीट पाहिले आणि तेवढेच लिहिले, तरी तो लेख आम्हांस रोमांचांच्या चार पानांहून मोलाचा वाटेल.

गर्दीला स्वतःचा इतिहासही आहे. ग्रीक आणि रोमन प्रवासी याच खोऱ्यात येऊन सहाव्या रामसेसच्या थडग्यात आपली नावे कोरून गेले. इ. स. १३० मध्ये सम्राट हेड्रियनसोबत आलेल्या जूलिया बाल्बिला हिने मेम्नॉनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रचंड पुतळ्याच्या पायावर आपल्या कविता कोरविल्या. प्रवासलेखनाचाच हा एक जुना नमुना म्हणावा लागेल. फक्त त्यासाठी कागद वापरला गेला नाही. तेव्हा इजिप्तमध्ये आपण निर्जन प्राचीनतेत पाऊल टाकतो, हा समज मुळातच खरा नाही.

याहून महत्त्वाचा भेद आमचे लेखक विसरतात. देऊळ माणसांच्या येण्याजाण्याने जिवंत राहते, मग गाभारा भले पुजाऱ्यांपुरताच असो. थडगे मात्र पुन्हा कोणी आत येऊ नये म्हणूनच बंद केलेले असते. तेथे आपला श्वासही उपद्रवी ठरतो. त्यातील ओलावा आणि कर्बवायू, तसेच पायांबरोबर येणारी धूळ, यांचा चित्रांना धोका असतो. म्हणून २००९ ते २०१९ या काळात गेटी संस्थेने इजिप्त सरकारच्या सहकार्याने तूतनखामेनच्या थडग्याचे संवर्धन केले आणि हवा खेळती ठेवण्याची नवी व्यवस्था बसविली. मात्र भिंतींवरील तपकिरी डाग १९२० च्या दशकातील छायाचित्रांतही आहेत. त्यांचा दोष आजच्या गर्दीवर टाकता येत नाही. १९०४ मध्ये सापडलेले राणी नेफर्तारीचे थडगे १९९५ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा दिवसाला दीडशेच माणसे आत सोडण्याचे ठरले. २०१४ पासून तूतनखामेनच्या थडग्याची हुबेहूब प्रतिकृतीही खोऱ्याजवळ पाहावयास मिळते. मूळ पाहण्याचा आग्रह धरावा की प्रतिकृतीवर समाधान मानावे, हा प्रश्न प्रवासलेखकाने स्वतःला विचारावयास हवा.

मंदिराच्या बाबतीत चूक वेगळी होते. कंबोडियातील अंकोरवाट बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने विष्णूसाठी बांधविले. तेथील समुद्रमंथनाचे विस्तीर्ण शिल्पपट पाहून मराठी लेखणी 'हे तर आपलेच' म्हणून भारावते, आणि सूर्योदयाच्या छायाचित्रासाठी तळ्याकाठी दाटलेल्या प्रवाशांबद्दल फार तर एक त्रासिक वाक्य लिहिते. पण त्या आवारात कंबोडियातील बौद्ध भाविकही येतात. पश्चिम गोपुरातील अष्टभुज विष्णुमूर्तीपुढे आजही उदबत्त्या लागतात. त्यांना गर्दीत जमा करणे म्हणजे ज्यांचे देऊळ त्यांनाच वगळणे होय.

आपल्या परंपरेत याचा चांगला नमुना नाही असे नाही. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेलेल्या विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकात स्थळे येतात ती माणसांसकट, त्यांच्या भुकेसकट आणि भयासकट. ग्वाल्हेरच्या वाचकांस तरी हे वेगळे सांगावयास नको. पाहण्याचा सराव करावयाचा तर बडोद्याच्या आणि हैदराबादच्या संग्रहालयांत इजिप्तमधून आलेली एकेक ममी आहे. एका मृत माणसाच्या देहाकडे आपण कोणत्या अधिकाराने पाहतो, हा विचार तेथे घाईशिवाय करता येतो.

यापुढे असा प्रवासलेख हाती आला, की आम्ही त्यात तीन गोष्टी शोधू: लेखकाने खरोखर काय पाहिले, त्याच्या शेजारी कोण उभे होते, आणि त्याच्या तेथे जाण्याचा भार त्या वास्तूवर किती पडला. यांतल्या एकीचे जरी उत्तर मिळाले, तरी लेखकाच्या बाकीच्या उत्साहाला आमची हरकत असणार नाही.